दाराचा कोड आणि आमचं आडनाव

मागच्या महिन्यात आम्ही तिघे डेक्कनकडच्या एका फिल्म क्लबात 'कोड अननोन' बघायला गेलो होतो. तिघेही स्वारगेटच्या पाठीमागच्या वस्तीतले, एकाच वाचनगटातले. मायकेल हानेकेचा हा सिनेमा २००० सालचा, पॅरिस शहरातला. एकमेकांना न ओळखणारी माणसं, त्यांचे एकमेकांना छेदून जाणारे रस्ते, असा मामला. अशा सिनेमाला 'कलात्मक' म्हणतात. म्हणजे हॉलमध्ये पस्तीस माणसं असतात आणि संपल्यावर चर्चा असते. आम्ही चर्चेसाठीच जातो हे कबूल करायला हरकत नाही.

सुरुवातीचा प्रसंग सलग एकाच शॉटमध्ये घेतलाय. एक तरुण गोरा पोरगा रस्त्यावर भावाच्या मैत्रिणीला गाठतो. तिच्या इमारतीच्या दाराचा कोड बदललाय, त्याला नवा कोड ठाऊक नाही, म्हणून तो बाहेर अडकलाय. ती त्याला कोड सांगते, चावी देते. ही भूमिका ज्युलिएट बिनोशची. परत जाताना तो पोरगा फुटपाथवर भीक मागत बसलेल्या एका बाईच्या मांडीवर हातातला चुरगळलेला कागद फेकतो. सहज. कचऱ्याच्या डब्यात टाकावा तसा. आफ्रिकन वंशाचा एक तरुण, अमादू, हे बघतो. तो पोराला अडवतो, त्या बाईची माफी माग म्हणतो. झटापट होते, पोलीस येतात. आता ओळखा पोलीस कोणाला धरतात. अमादूला. आणि भीक मागणारी बाई, मारिया, तिच्याकडे कागदपत्रं नाहीत म्हणून तिची रवानगी रुमानियाला. कागद फेकणारा पोरगा तुरुंगाची पायरीही चढत नाही.

चर्चेत सूत्रसंचालक म्हणाले की शहर माणसाला अनोळखी करतं, आपण सगळे एकमेकांसाठी बंद दारं आहोत, कोणाचा कोड कोणालाच ठाऊक नाही. टाळ्या पडल्या. आमच्यातल्या एकाने हात वर केला. म्हणाला, सर, पण पोलिसांना तर कोड बरोबर ठाऊक होता. ते आले, बघितलं आणि नेमक्या काळ्या माणसाला उचललं. त्यांनी चुकीचं दार एकदाही वाजवलं नाही.

सूत्रसंचालक हसले. हा पॅरिसचा सिनेमा आहे, आपल्याकडची जात त्यात कशाला शोधायची, असं काहीसं म्हणाले आणि माईक पुढे गेला.

आम्हाला राग आला. पण त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. आम्हा आंबेडकरी कार्यकर्त्यांना जिथे तिथे जात दिसते अशी तक्रार नेहमीची आहे, आणि कधीकधी आम्ही आळसानेही तसं बोलतो. वर्ण आणि जात एक नव्हे. पॅरिसमध्ये सोवळं-ओवळं नाही. पण मग त्याच सिनेमातल्या एका जागेचं काय करायचं? मारिया गावाकडून चोरवाटेने पुन्हा पॅरिसला येते आणि एका बाईला एक आठवण सांगते. गावाकडे असताना तिने एका जिप्सी भिकारणीला पैसे दिले होते आणि ती इतकी घाणेरडी वाटली की धावत जाऊन हात धुतले होते. पुढे पॅरिसमध्ये एक चांगल्या कपड्यांतला गृहस्थ तिलाच नोट द्यायला थांबला, तिचा पसरलेला हात बघितला आणि नोट हातात न देता मांडीवर टाकून निघून गेला.

हे ऐकताना आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. वरून टाकलेली नोट, वरून ओतलेलं पाणी, पानावर लांबून सोडलेली भाकरी. आमच्या आज्यांनी हे सगळं सांगितलेलं आहे. आणि त्याहून बोचणारी गोष्ट ही की मारियालाही तिच्या खाली कोणीतरी होतं. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते हेच. नुसता वरचा आणि खालचा असता तर खालचे सगळे एक झाले असते. पण प्रत्येकाच्या पायाखाली आणखी एक पायरी असते आणि प्रत्येकजण तिच्याकडे बघून समाधान मानतो. हानेकेने बाबासाहेब वाचले असतील असं आम्हाला वाटत नाही. पण ती जागा त्याला दिसली, आणि डेक्कनच्या हॉलमध्ये तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

रात्री बस पकडून स्वारगेटला उतरलो. एसटी स्टँडसमोर चहा घेतला. अनोळखी माणसांचा सिनेमा काढायचा तर पॅरिसला जायची गरज नाही. साताऱ्या-सांगलीकडून आलेली गाडी रिकामी होतेय, डोक्यावर गोणी घेतलेला माणूस मार्केट यार्डाकडे चाललाय, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं छातीशी धरून मराठवाड्यातली दोन पोरं पेठेतल्या खोलीकडे निघालीत. बांधकामावरची कानडी बोलणारी कुटुंबं, रात्रपाळीचे बिहारी गार्ड, समोर पर्वतीवरचे दिवे. २०२४ च्या सप्टेंबरपासून जमिनीखालून मेट्रोही इथवर येते. इतकी माणसं एका चौकात बघून खरंच वाटावं की इथे कोण कोणाला ओळखतो?

पण पाच मिनिटं कान देऊन ऐका. "कुठले पाव्हणं?" "तालुका कोणता?" "तिथं आमचे अमुक आहेत, तुम्ही त्यातले का?" आणि मग सावकाश, "आडनाव काय म्हणालात?" तालुक्यापर्यंतचे प्रश्न प्रेमाचेही असतात. आडनावाचा प्रश्न दाराचा कोड असतो. तो जुळला तर माणूस सरकून बाकावर जागा देतो. नाही जुळला तरी आजकाल कोणी उठवत नाही, नुसती बोलणी आटतात. आमच्यापैकी प्रत्येकाने ती आटताना ऐकलेली आहेत.

अनोळखी माणसांच्या भेटीचा आमचा पहिला प्रसंग हानेकेच्या शंभर वर्षं आधी घडून गेलाय. १९०१ साल. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली काही लहान मुलं मसूर स्टेशनवर उतरली. त्यात नऊ-दहा वर्षांचा भीमराव. न्यायला कोणी आलेलं नाही, कपडे नीटनेटके, त्यामुळे स्टेशनमास्तरला ही ब्राह्मणांची मुलं वाटली आणि त्याने आस्थेने चौकशी केली. मुलांनी महार असल्याचं सांगितलं तसा त्याचा चेहरा पालटला. तो निघून गेला. बैलगाड्या समोर उभ्या, पण दाम मोजूनही कोणी नेईना. शेवटी दुप्पट भाड्याच्या बोलीवर एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. गाडी त्याची, बैल त्याचे, पण विटाळाच्या भीतीने तो स्वतःच्या गाडीत बसला नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. स्टेशनमास्तर अनोळखी होता तोवर माणुसकीने वागत होता. ओळख पटली आणि माणुसकी संपली.

म्हणून सिनेमावाले शहरातल्या अनोळखीपणावर हळहळतात तेव्हा आम्हाला त्यांची पुरती साथ करता येत नाही. अनोळखीपण हे आमच्यासाठी दुःख नव्हतं, ती मागणी होती. गाव सोडा, शहराकडे चला, असं बाबासाहेबांनी सांगितलं ते याचसाठी. जिथे कोणी ओळखत नाही तिथे जातीचं ओझं थोडं तरी हलकं होईल. तरी शहर काय करतं याची त्यांना भाबडी कल्पना नव्हती. १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, काही दिवसांत ओळख फुटली आणि काठ्या घेतलेले लोक दारात येऊन उभे राहिले. परदेशात शिकून आलेला माणूस शहरातल्या बागेत बसून रडला. कोड बदलून बघितला, दाराने ओळखलंच.

चहाच्या टपरीवरून दिसणारी ही पर्वती. १३ ऑक्टोबर १९२९ ला शिवराम जानबा कांबळे आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथल्या देवळाच्या दारासाठी सत्याग्रह सुरू केला आणि त्यांना दगड खावे लागले. आता तिथे कोणी अडवत नाही. आता आम्हालाच जायचं नसतं. पण शहराने दारं बंद करणं सोडलं असं समजू नका. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये याच पुण्यात हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसांत तक्रार दिली होती. काय तर, घरी सोवळ्याच्या स्वयंपाकाला येणाऱ्या बाईने आपण ब्राह्मण सुवासिनी असल्याचं खोटंच सांगितलं, ती निघाली मराठा, आणि त्यामुळे आमचं सोवळं मोडलं. पोलिसांनी फसवणुकीचा गुन्हा नोंदवला! बोंब झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली हे खरं. पण एका घरात दोन बाया, एक वेधशाळेची आणि एक चुलीची, सणासुदीला समोरासमोर येतात, आणि एकीला दुसरीच्या हातच्या पुरणपोळीची चव कळत नाही, आडनाव कळतं. यावर सिनेमा कोणी काढला नाही. काढला तर चर्चेत त्याला 'मानवी एकाकीपणा' म्हणतील.

मराठीत या जातीचा एक सिनेमा मात्र आहे आणि तो आम्ही फार जपून ठेवलाय. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. २०१४ साली व्हेनिसला बक्षिसं मिळाली, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, २०१५ च्या एप्रिलमध्ये थिएटरात आला. मुंबईतले काही अनोळखी लोक एका खटल्यापुरते एका खोलीत जमतात. लोकशाहीर नारायण कांबळे. त्याचा गुजराती वकील, जो संध्याकाळी सुपरमार्केटात चीज-वाईन घेतो आणि बारमध्ये पोर्तुगीज गाणं ऐकत बसतो. सरकारी वकील बाई, लोकलने घरी जाणारी, पोराला पाळणाघरातून उचलून पोळ्या लाटणारी, सुट्टीच्या दिवशी परप्रांतीयांना हाकलणाऱ्या नाटकाला टाळ्या वाजवणारी. न्यायाधीश, बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून एका बाईचं प्रकरण ऐकायला नकार देणारे. आणि वासुदेव पवार, जो आधीच मेलेला आहे. गटारात उतरून मेला. आरोप असा की कांबळेंचं गाणं ऐकून त्याने आत्महत्या केली.

इथे कोणी योगायोगाने भेटत नाही. वासुदेव गटारात का आणि न्यायाधीश खुर्चीत का, हे या खटल्याच्या कितीतरी आधी ठरलेलं आहे. सरकारी वकील बाई दुष्ट नाहीत, दमलेल्या आहेत. कलमं वाचतात तीही भाजीच्या यादीसारखी. त्यांचा संसार आणि पवारांचा संसार यांमध्ये लोकलच्या एका डब्याचंही अंतर नसेल. तरी त्या पवारच्या बायकोला ओळखत नाहीत, कारण ओळखायची गरज पडू नये अशीच सगळी मांडणी आहे. आमच्या मते डेक्कनवर ज्याला 'अनोळखीपण' म्हणत होते त्याचं खरं नाव हे आहे.

कांबळेंचं काम वीरा साथीदार यांनी केलं. नागपूरचे, 'विद्रोही'चे संपादक, चळवळीतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. गाणी संभाजी भगतांची. मृत कामगाराच्या बायकोची भूमिका उषा बाने यांनी केली. त्यांचे पती खरोखरच हे काम करत होते आणि वारले होते. पुण्याच्या माणसाला हा सिनेमा बघताना कबीर कला मंचाची आठवण न होणं अवघड आहे. आमच्या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, काशेवाडीत, शीतल साठे लहानाच्या मोठ्या झाल्या. २०१३ साली त्यांना आणि सचिन माळी यांना अटक झाली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये मंचाच्या आणखी तिघांना. गाण्यावर खटला ही ताम्हाणेंची कल्पना नव्हती.

डेक्कनच्या त्या चर्चेचा राग म्हणा, आम्ही ठरवलं की 'कोर्ट' वस्तीत दाखवायचा. पुढच्याच रविवारी विहारात चादर बांधली, प्रोजेक्टर उसना आणला. लोक जमतील का शंका होती. साठेक जमले. थिएटरात लोक जिथे हसले होते, कोर्टातल्या इंग्रजी वाचनाला, तिथे इथे कोणी हसलं नाही. त्यातल्या निम्म्यांनी तारखा खाल्लेल्या आहेत. न्यायाधीश सहलीला जातात तिथे मात्र खसखस पिकली.

मग पवारची बायको साक्षीला उभी राहते. नवऱ्याकडे काही साधनं होती का? नव्हती. वायूने एक डोळा गेलेला. आत उतरायच्या आधी तो खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर समजायचं हवा आहे. दारू प्यायचा का? प्यायचा, त्याशिवाय तो वास सहन होत नाही. मागच्या रांगेतले एक काका, ड्रेनेजमधून निवृत्त झालेले, मोठ्याने म्हणाले, "आम्ही दोरीला कंदील बांधून सोडायचो. विझला की वर." कोणी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही.

त्याच वेळी दाराजवळ बसलेली एक बाई उठून गेली. आम्हाला वाईट वाटलं. तिचा नवरा २०१६ साली एका खाजगी सोसायटीच्या चेंबरमध्ये गेला, हे आम्हाला ठाऊक होतं. सिनेमा लावताना तेवढा विचार आम्ही केला नव्हता. ती आमच्या गल्लीतली नव्हे, नाल्याच्या पलीकडच्या लाइनीतली. तिकडची जात वेगळी, देव वेगळे, आणि विहारात तिकडचं कोणी सहसा येत नाही. येत नाही म्हणजे आम्ही बोलावत नाही. जयंतीची वर्गणी मात्र तिकडूनही घेतो. हे लिहायला जड जातंय पण लिहिलं पाहिजे: त्याच दिवशी सुरुवातीला चहा वाटताना आमच्यातल्याच एकाच्या आईने सगळ्यांच्या हातात कप दिले आणि या बाईच्या पुढ्यात फरशीवर ठेवला. आठवड्यापूर्वी आम्ही मांडीवर टाकलेली नोट बघून आलो नसतो तर ते आम्हाला दिसलंही नसतं. घरी विचारलं तर आई म्हणाली, घाई होती. असेल. गेले काही दिवस त्या घरात या विषयावर बोलणं नाही.

बाई रागावून गेली नव्हती. वीस मिनिटांनी परत आली, हातात प्लास्टिकची पिशवी. तोवर सिनेमात पवारच्या बायकोला वकील गाडीतून घरी सोडत होता, पैसे देऊ करत होता, आणि ती पैसे नको, काही काम असेल तर बघा म्हणत होती. हिने तो प्रसंग उभ्यानेच बघितला. चादर उतरवायच्या आत पिशवी आमच्यापुढे रिकामी केली. पंचनाम्याची झेरॉक्स, शवविच्छेदनाचा कागद, मृत्यूचा दाखला, आणि ठेकेदाराने करून घेतलेला एक कागद ज्यावर तिचा अंगठा होता. पन्नास हजार मिळाले, तक्रार नाही. पंचनाम्यात 'पाय घसरून पडून'. एका ठिकाणी 'मद्यप्राशनाची शक्यता'. चेंबरमध्ये कोणी उतरवलं, का उतरवलं, याबद्दल एक ओळ नाही. "हिला कोर्टात निदान विचारलं तरी," ती म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही."

आता कायदा काय आहे? हाताने मैला सफाईच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा २०१३ सालचा. 'कोर्ट' व्हेनिसला गेला त्याच वर्षी, २७ मार्च २०१४ ला, सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: १९९३ पासून गटारात, सेप्टिक टँकमध्ये मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम ३० लाख झाली, आणि ज्यांच्या वारसांना आधी काहीच मिळालं नाही त्यांनाही ती लागू आहे. खाजगी सोसायटीचं चेंबर असलं म्हणून जबाबदारी टळत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते, तिथे दाद मागता येते. हे सगळं आम्हाला तोंडपाठ होतं. आमच्या वाचनगटात या निकालांवर दोन बैठका झाल्यात. बाई चारशे पावलांवर राहत होती आणि आम्ही तिला सांगितलं नव्हतं. डेक्कनवाल्यांना कोड ठाऊक नव्हता असं म्हणू एकवेळ. आम्हाला तर तोही बहाणा नाही.

बुधवारी आमच्यातले दोघे तिच्यासोबत गेले. अर्ज एका वकील मैत्रिणीने लिहून दिला होता. टेबलामागच्या माणसाने कागद चाळले, तो आत उतरला होता याचा पुरावा काय म्हणून विचारलं, पंचनाम्यात तसं नाही म्हणाला. मग तिला आडनाव विचारलं, तिने सांगितलं, आणि मग आम्हाला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" आमचं आडनाव वेगळं हे त्याने कागदावर बघितलं होतं. आम्ही शेजारी म्हणालो. ती आमच्याकडे बघत होती.

अर्ज घेतला. आवक क्रमांकाचा शिक्का पोचवर मारून दिला. निवृत्त काकांनी साक्षीदार म्हणून लिहून द्यायचं कबूल केलंय. त्यावेळी त्या सोसायटीच्या चेंबरवर आणखी दोन मजूर होते, त्यातला एक सध्या यवतला असतो असं कळलंय, त्याला शोधायचं आहे. ठेकेदाराचा कागद रद्द ठरवता येईल का हे वकील मैत्रीण बघतेय. येताना स्वारगेटला उतरल्यावर बाईने आम्हाला चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. फिल्म क्लबाने पुढच्या महिन्यासाठी 'कोर्ट'वर बोलायला बोलावलंय. त्या तारखेला आम्हाला यवतला जायचं आहे.